फुंकणी होण्याआधीची मी

मी बंदूक बोलतेय. खरं तर बंदुकीच्या नळीचा पुढचा दीड वीत तुकडा, पण आयुष्यभर मिरवलेलं नाव एका करवतीसाठी कोण टाकून देतं?

माझा जन्म १८९१चा. फ्रान्सच्या मधल्या डोंगराळ मुलखात, बंदुकांच्या कारखान्यात. आमचं घराणं लेबेल. आमच्या आधीच्या बंदुका एकदा उडाल्या की एवढा धूर करायच्या, की कुणी झाडली ते सगळ्या रानाला कळे. आम्ही बिनधुराची दारू घेऊन आलो. शेजारच्या देशाचे हेर म्हणे वर्षभर झुडपाझुडपांत धूर हुंगत फिरले. मी पाहिलं नाही, पण सांगायला काय जातं?

माझ्या नळीखाली दुसरी नळी होती. तिच्यात आठ गोळ्या एकीमागे एक झोपायच्या. आठ म्हणजे तेव्हा श्रीमंती! फक्त त्या भरायच्या एकेक करून. १९१४ साली लढाई पेटली तेव्हा समोरचे जर्मन पाच गोळ्या एका झटक्यात आत ढकलत, आणि आमचा शिपाई मटार सोलायला बसल्यासारखा एकेक वेचत राही. वर ती लांबलचक संगीन. ती लावली की खंदकाच्या वळणावर मी आधी पोचायचे आणि माझा शिपाई दुपारी.

१९१६ला मी फिर्मँच्या हाती आले. डोंगरातलाच शेतकरी, वीस वर्षांचा. माणसांची एक गंमत मला तेव्हा कळली. रात्री काय खाल्लं ते ती विसरतात, पण बंदुकीचा नंबर विसरत नाहीत. पाहणीला आलेला अधिकारी पहिला तोच विचारायचा. फिर्मँ तो झोपेतही पुटपुटायचा. पुढे त्याच्या डाव्या गुडघ्यात लोखंड घुसलं. तो दवाखान्यात गेला, मी गोदामात.

तोवर आमची चुलत बहीण बेर्तिये पुढे आली होती. आधी तीन गोळ्यांची, मग पाचांची, आणि सगळ्या एकदम भरायच्या. लढाईनंतर काडतूसच बदललं, आणि १९३६ला एक आखूड, ठेंगणी नवी बंदूक जन्मली. मग आम्हा लाखो म्हाताऱ्यांचं करायचं काय? तोफखान्याच्या माणसांना छोट्या बंदुका हव्याच होत्या. ठरलं, कापा यांना! आठाच्या तीन गोळ्या करा आणि पाठवा.

कापायच्या टेबलाशी कोण उभा असावा? फिर्मँ. चाळिशी उलटलेला, डावा पाय न वाकणारा. त्याने मला शिकंज्यात धरलं, सवयीने नंबर वाचला आणि करवत थांबवली. मुकादम ओरडला. मग त्याने कापलं. नंबर कोरलेला मागचा भाग पुढच्या टेबलावर गेला, मी भंगाराच्या ढिगात.

भंगारातून घरासाठी चिमटा, बिजागरी, काहीबाही करून न्यायची तिथे जुनीच रीत होती. पण त्या महिन्यात नवा साहेब आला होता. लोखंड नेताना सापडेल त्याची नोकरी त्याच दिवशी संपणार, असा त्याचा हुकूम होता. दोघे गेलेही होते. लंगड्या फिर्मँला दुसरं कोण कामावर घेणार होतं? तरी संध्याकाळी त्याने मला विजारीत सरकवलं. आखडलेल्या डाव्या पायाला मला बांधलं असतं तर कुणाला संशय आला नसता. पण जखमेवर पुन्हा लोखंड टेकवायचं त्याच्या मनाने घेतलं नाही. उजव्या पायाला बांधलं. आता दोन्ही पाय ताठ!

फाटकावर पहाऱ्याला बार्नाबे बसला होता, लढाईत दोन बोटं गमावलेला.

"काय रे, सकाळी तर एकच पाय आखडला होता."

"हवा बदलली."

"मग बस जरा बाकावर."

फिर्मँ बसेना. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, दोन्ही लाकडी करून घे, सरकार फुकट देतं. सगळे हसले. साहेब वीस पावलांवर उभा होता. बार्नाबेचा आवाज खाली आला.

"काय आहे?"

"माझी आहे."

"कारखान्याची आहे."

"एकसष्ट हजार चारशे सात," फिर्मँ म्हणाला.

बार्नाबे पायरीकडे बघत म्हणाला, "अठ्ठावीस हजार नव्वद. माझी बेर्तिये होती." मग तो उठला आणि साहेबाच्या न् आमच्या मध्ये जाऊन उभा राहिला. यंदा चेस्टनटचं पीक कसं येईल, असं काहीतरी विचारू लागला. जाता जाता मागे न बघता एवढंच म्हणाला होता, "एकच पाय ओढ, गाढवा."

घरी फिर्मँची बायको मेलानी चुलीशी होती. "लढाईतून पाय अर्धा आणलास," ती म्हणाली, "आता बंदूकही अर्धीच?" मग सगळं ऐकल्यावर, नोकरी घालवायला निघाला होतास म्हणून तिने त्याला पळी फेकून मारली. ती मलाच लागली.

दुसऱ्या दिवशी तिने मला राखेने घासलं, आतून चिंधी फिरवली आणि विचारलं, "कुठल्या बाजूने फुंकायचं?" फिर्मँने करवतीची बाजू दाखवली, गोळी जायची तशी. तिने मला उलटं धरलं. जिथून गोळ्या बाहेर पडत तिथे ओठ लावले आणि फुंकर घातली. निखारे लाल झाले, सूप उकळलं. फिर्मँ बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

माझा मागचा भाग दुसऱ्या लढाईत गेला. कुणाच्या हातात, कुठे, मला अजून कुतूहल आहे.

आता चुलीच्या जागी गॅस आलाय आणि मी खिळ्यावर. पाहुणे मला उतरवतात, एक डोळा मिटून आरपार बघतात. बघा खुशाल. पण बघून झालं की एकदा फुंकून द्या. आत धूळ फार साचते.