लोधीखेड्याच्या काट्यावरचा मदरबोर्ड

मी मदरबोर्ड आहे, मित्रांनो, आणि जुना म्हटलेलं मला अजूनही झोंबतं. तुम्ही कॉम्प्युटरचा पडदा पाहता, कीबोर्डवर बोटं चालवता. पण डब्याच्या आत ज्या हिरव्या पाटीवर सगळा कारभार चालतो, ती पाटी म्हणजे मी. एरवी माझी कोणी चौकशी करत नाही. बंद पडलो की मात्र सगळ्यांना माझं नाव आठवतं!

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. उमेदीची वर्षं गेली ती पांढुर्ण्याच्या एका ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात. पोरांचे निकाल, आयाबायांचे समग्र आयडीचे सरकारी नंबर, शेतकऱ्यांच्या जमिनीचे खसरे, सगळं माझ्यातून गेलं. निकालाच्या दिवशी पेढे वाटले जायचे आणि दुकानदार माझ्या डब्यावर थाप मारून म्हणायचा, "गडी पक्का आहे!" पण आतली धूळ पुसायला त्याला कधी सवड झाली नाही. पंखा कापसाच्या तंतूंनी गच्च भरला, मी तापत राहिलो. एका मे महिन्यात माझ्यावरचे कपॅसिटर, म्हणजे वीज सांभाळून धरणारे इवले डबे, फुगून फुटले. दुकानदारानं मला भंगारवाल्याला किलोवर देऊन टाकलं. फार वाईट वाटलं हो.

त्या भंगाराच्या पोत्यातून मला सौंसरच्या सुचितानं उचललं. सासरच्या घराच्या रस्त्याकडच्या खोलीत तिचं टेबल होतं. मेलेले मदरबोर्ड आणायचे, जिवंत करायचे आणि विकायचे, हा तिचा उद्योग. तिनं जुन्या टूथब्रशनं माझी धूळ झाडली, फुटलेले डबे काढून नवे बसवले. मी सुरू झालो तेव्हा ती एकटीच टाळ्या वाजवून हसली.

तिचे सासरे पुंडलिकराव मोहगावचे निवृत्त मास्तर. माणूस चांगला, पण त्यांना तिचं हे काम काही पटत नव्हतं.

"सुचिता, एका पाटीवर दिवस दिवस मान मोडून राहिली तू. लोकं नवीन घेऊन राहिले. पुरते का हे?"

"मामाजी, कुठं कुठं जुनं काम जुन्याच बोर्डवर चालते. चांगला जीव फेकून देऊ का?"

"चार विकले, त्यातले दोन वापस आले. तो मोबाइल कव्हरवाला ही खोली भाड्यानं मागून राहिला. महिनाभर पाहतो, नाही तर टेबल उचलजो."

खरं सांगू? मास्तरांचं अगदीच चुकत नव्हतं. परत आलेले ते दोघे माझ्या शेजारीच पडले होते. सुरू झाल्या झाल्या घाईनं विकले, म्हणून फसले. तेव्हापासून तिनं नेम केला होता की बोर्ड तीन दिवस सलग चालल्याशिवाय विकायचा नाही.

माझा त्यातला पहिलाच दिवस होता. तेवढ्यात लोधीखेड्याचे रघुनाथराव धापा टाकत आले. त्यांचा धरमकाटा, म्हणजे भरलेल्या गाड्या तोलायचा मोठा काटा. ऐन कापसाच्या दिवसांत त्या काट्याचा कॉम्प्युटर बंद पडला होता.

"नागपूरवरून नवीन आणला जी, तर त्याले काट्याची वायरच बसत नाही. मधात जोडणी लावून पाहिली, तर जुना प्रोग्राम चालत नाही. गाड्यांची लाइन लागली बाप्पा!" बोलता बोलता त्यांना माझ्या कडेची, जुनी वायर बसेल अशी नऊ पिनांची खाच दिसली. "हाच! हाच पाहिजे! दे बाई, म्हणशील तो भाव."

माझी छाती फुगली. पुंडलिकराव हळूच म्हणाले, "देऊन टाक ना."

सुचिता म्हणाली, "काका, आज चालून राहिला. उद्याचं मी आत्ताच सांगू शकत नाही. आज विकत नाही, नुसता लावून देतो. तीन दिवस मी तिथंच बसन. टिकला तर तुमचा, नाही तर वापस."

मला रागच आला. हातात आलेलं गिऱ्हाईक, आणि ही माझीच उणीदुणी काढते! पुंडलिकरावही चडफडले. पण सुनेला ट्रकवाल्यांच्या गर्दीत एकटं कसं सोडायचं, म्हणून जेवणाचा डबा घेऊन तेही निघाले.

पहिला दिवस मी झकास चाललो. दुसऱ्या दिवशी दुपारी एक कापसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढला आणि मी पटकन बंद पडलो. लाजेनं मेल्यासारखं झालं.

"भंगार ते भंगारच!" ट्रॅक्टरवाला ओरडला. पुंडलिकरावांचं तोंड उतरलं.

रघुनाथराव मात्र त्यालाच म्हणाले, "चूप बस ना बे! बाईनं अगोदरच सांगतलं होतं. पाह्य तू सुचिता, आम्ही थांबतो."

तिनं डबा उघडला. एका वाळक्या काडीनं मला जागोजागी दाबत गेली. वीज जिथून आत येते त्या सॉकेटवर काडी टेकली आणि मी क्षणभर जागा झालो. तिनं वीज बंद केली, मला बाहेर घेऊन उलटं केलं.

"मामाजी, उजेड धरा."

पुंडलिकरावांनी मोबाइलचा उजेड धरला. सॉकेटच्या एका पायाभोवती केसासारखी भेग होती. तापलो की ती उघडायची. मास्तर वाकून पाहतच राहिले. "एवढ्याशासाठी? आणि तुले दिसलं हे?" तिनं भेग सांधली, मी सुरू झालो आणि पडद्यावर ट्रॅक्टरचं वजन उमटलं.

तिनं तिथून पुन्हा पहिल्यापासून तीन दिवस धरले. तेही झाले. रघुनाथरावांनी मला विकत घेतलं, तेवढ्यात पुंडलिकरावांचा फोन वाजला. कव्हरवाला होता. भर काट्यावर, सगळ्यांच्या देखत मास्तर मोठ्यानं बोलले, "नाही भाऊ, खोली रिकामी नाही. तिथं माही सून काम करते!"

सुचिता वायर गुंडाळत होती, ती थांबली. तिनं ओढणीनं डोळे पुसले. मलाही भरून आलं.

मित्रांनो, आमच्यातला प्रत्येक जण वाचवण्यासारखा नसतो, हे मी मान्य करतो. पण पोत्यात टाकण्याआधी आम्हाला उघडून पाहणाऱ्या एखाद्या माणसाकडे एकदा घेऊन जा. आणि ते माणूस "आत्ताच सांगू शकत नाही" म्हणालं, तर चिडू नका. त्याच माणसावर भरवसा ठेवा.