गाठीतला श्वास

फुंकरबाबा कोंबड्यांच्या शेडमध्ये शिरले की माणसं चपला बाहेर काढत. एरवी कोंबड्यांच्या घाणीत अनवाणी उभं राहायची हौस कुणाला असते? पण त्या दिवशी अख्खी वस्ती उभी होती, आणि सगळ्यांत पुढे, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत ती घाण घेऊन, हात जोडून, शेडची मालकीण.

मालकीणबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. शाळेशी त्यांची ओळख अक्षरं लागण्यापुरती. बाकी सगळं शिक्षण जिभेवर. कोंबड्यांचं खाद्य खवट झालंय का, हे त्या चाखून सांगत. नातवाचं औषधसुद्धा आधी त्यांच्या जिभेवर आणि मग त्याच्या. त्याच जिभेने त्या व्यापाऱ्यांना, शेजाऱ्यांना आणि सुनेला सोलून काढत. माझ्या जिभेला कुणी फसवू शकत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते खरंच होतं. जीभ फसली नाही. फसला तो वरचा मजला, तिथे त्या दिवशी कुणी राहत नव्हतं.

बाबांनी पाण्याच्या टाकीवर वाकून सगळ्यांना डोळे मिटायला लावले. मालकीणबाईंनी आयुष्यात दूध उतू जाईल या भीतीने कधी नीट डोळे मिटले नव्हते. त्या दिवशी घट्ट मिटले. बाबांच्या शालीच्या टोकाला एक गाठ होती. तिच्यात म्हणे त्यांच्या गुरूंचा शेवटचा श्वास बांधला होता. फुंकर घालताना ती गाठ पाण्यात बुडवायची, कारण श्वासालाही तहान लागते. मरगळलेल्या कोंबड्या ते पाणी प्यायल्या आणि दोन-चार दिवसांत उठून दाणे टिपू लागल्या. वस्ती थक्क.

मालकीणबाईंनी सवयीने टाकीत बोट बुडवून चाटलं. पाणी कडूजहर.

"आजार पाण्यात उतरला, माई," बाबा म्हणाले. "तो का गोड असणार?"

मालकीणबाईंनी मान डोलावली. सुनेने मात्र विचारलं, "आजार पाण्यात उतरला असेल, तर तेच पाणी कोंबड्यांना का पाजताय?"

एवढा सोपा प्रश्न मालकीणबाईंना सुचला नव्हता, म्हणून त्यांना भयंकर राग आला. बाबांनी शाल सावरली आणि म्हणाले की शंकेखोराच्या हाताला कीड लागते.

मग फुंकरा सुरू झाल्या. कोंबडी शिंकली, फुंकर. अंडी कमी झाली, फुंकर. सगळ्या निरोगी असल्या तरी पुढच्या आजाराची आगाऊ फुंकर. आमच्या कोंबड्यांना औषधाचा थेंब नाही, असं मालकीणबाई गिऱ्हाइकांना छाती काढून सांगत. पुढेपुढे मात्र एका फुंकरीने भागेना. कोंबड्या पुन्हा माना टाकू लागल्या. बाबा म्हणाले, श्रद्धा पातळ झालीय. आणि गाठ जाड झाली.

अशातच पिंजऱ्याची जाळी बांधताना सुनेच्या उजव्या हाताच्या तर्जनीत तार घुसली. बोट टम्म सुजलं, पू झाला. जवळच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, पण सूज मनगटाकडे चढत गेली. बाबांचा शब्द खरा झाला, ही बातमी वस्तीत पसरली. पसरवली कुणी? घरच्याच वर्तमानपत्राने, म्हणजे मालकीणबाईंनी.

पण मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की लागू पडणारं औषध वेळेत सापडलं नाही तर बोट कापावं लागेल. तेव्हा त्या वर्तमानपत्राची छपाई बंद पडली. जंतूंच्या तपासणीचा अहवाल येईपर्यंत आधीचीच गोळी चालू ठेवायची होती. सुनेला ती गिळवेना. मालकीणबाईंनी चमच्यात कुटली आणि सवयीने आधी जिभेला लावली.

तोच कडूपणा. तस्साच.

अहवाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना काचेची बशी दाखवली. बशीभर सुनेच्या पुवातले जंतू वाढवले होते आणि त्यांत निरनिराळ्या औषधांच्या गोल टिकल्या ठेवल्या होत्या. औषध लागू पडलं की टिकलीभोवती मोकळं वर्तुळ पडतं. त्या गोळीच्या टिकलीला जंतू अगदी खेटून बसले होते, सासरी रुळलेल्या जावयासारखे.

"हे औषध आमच्या टाकीत आहे," मालकीणबाई पुटपुटल्या.

"कडू तर पुष्कळ गोष्टी असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुरावा आणा, तपासू. पण मला सांगा, पैदाशीला कोंबडी कोणती ठेवता?"

"चिवट. आजारातून वाचलेली."

"टाकीत रोज थोडंथोडं औषध पडलं, तर तिथेही तेच होतं. कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पिल्लावळ वाढते. मग ते माणसाला लागले की गोळीला दाद देत नाहीत."

म्हणजे मालकीणबाईंनी दोन पैदाशी चालवल्या होत्या. जंतूंची जास्त जोमात होती.

"आई," पलंगावरून सून म्हणाली, "मला शाप नाही लागला. तुमच्या टाकीचा प्रसाद लागला."

मालकीणबाईंनी पुढे होऊन सुनेची उशी नीट केली. घरात असं प्रथमच घडत होतं.

नशिबाने बशीतल्या एका टिकलीभोवती छान रुंद वर्तुळ होतं. त्या औषधाची इंजेक्शनं सुरू झाली.

पुढच्या फुंकरीला पुन्हा गर्दी जमली. बाबांनी डोळे मिटायला सांगितले. मालकीणबाईंनी उघडे ठेवले, पुढे झाल्या आणि शालीची गाठ पाण्यात पडायच्या आत उचलून चक्क तोंडात धरली. लोकांना वाटलं, भक्तीचा कळस झाला. दोघीतिघींनी नमस्कारही केला.

"कडू," मालकीणबाई थुंकत म्हणाल्या. "पाण्यात जाण्याआधीच. मग आजार उतरला कुठून?"

त्यांनी गाठ सोडली. आतून पांढरी भुकटी सांडली.

"गुरूंचा श्वास गोठलाय, माई," बाबा म्हणाले, पण आवाज फुंकरीएवढाच निघाला. कुणीतरी हसलं, मग सगळेच. भुकटी तपासायला गेली. गोळीतलंच औषध निघालं.

सुनेचं बोट वाचलं, पण वाकत नाही. काम सांगताना ते सरळ सासूकडे रोखलेलं असतं, आणि मालकीणबाई मुकाट्याने ते काम करतात. शेड आता कोरडी, स्वच्छ असते. कोंबडी आजारी पडली तर जनावरांच्या डॉक्टरांना बोलावतात आणि ते सांगतील तेवढंच औषध देतात. निरोगी कोंबडीला काहीच नाही.

कुणी चमत्कार सांगत आलं की त्या म्हणतात, "बाबांनो, जीभ मला सगळं सांगत होती. मी तिला एक प्रश्न विचारायला हवा होता, कडू कशामुळे? तुम्हाला कुणी डोळे मिटायला सांगितले, तर आधी त्याची गाठ सोडून बघा. ज्याची गाठ सुटत नाही, त्याचं पाणी आपल्या कोंबडीलाही पाजू नका."

आणि शेजारी उभी सून ते न वाकणारं बोट वर करते.