दातांच्या खुर्चीवरचं आभाळ

चाळीस वर्षं भिंती रंगवल्या, पण माझं नाक कापलं ते दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या छताने. खुर्चीत उताण्या पडलेल्या माणसाला वर आभाळ दिसावं, अशी त्यांची हौस. मी निळ्याचे दोन हात मारले. कुठे डाग नाही, ब्रशची रेघ नाही.

बाई खुर्चीत आडव्या झाल्या. "काका, हे कसलं आभाळ? निळं पातेलं पालथं घातल्यासारखं वाटतंय! उद्या दहापर्यंत जमवा, नाहीतर वॉलपेपरवाल्याला बोलावते."

म्हणजे माझ्या हाताला वॉलपेपरवाल्याची डिंकाची बाटली भारी पडणार! घरी दुपारचा चहा गोड लागेना. सून शाळेत विज्ञान शिकवते. तिला सगळं सांगितलं, तर तिने विचारलं, "बाबा, आभाळ सगळीकडे सारखंच निळं असतं?"

"मग काय ठिगळं लावलेली असतात?"

तिने खिडकीचा पडदा ओढला, काचेच्या उंच बरणीत पाणी भरून चमचाभर दूध घातलं आणि खालून बॅटरी लावली. बाजूने बघितलं तर पाणी निळसर. वरून डोकावलो तर बॅटरीचा उजेड नारिंगी!

"उजेडात सगळेच रंग असतात," ती म्हणाली. "हवा त्यातला निळा जास्त उधळते, म्हणून आभाळ निळं. संध्याकाळी उजेड हवेतून लांबून येतो. निळा वाटेतच सांडतो, तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो."

"पण मला दुपारचं आभाळ हवंय."

"मग चला गच्चीवर."

डोक्यावर गडद निळं. नजर खाली आणली तसं फिकट होत गेलं, आणि घरांच्या छपरांपाशी जवळजवळ पांढरं. तिथे नजर पुष्कळ हवेतून जाते, सगळे रंग उधळून पुन्हा एकमेकांत मिसळतात, असं सून म्हणाली. मी आपला बघतच राहिलो. परांचीवर जन्म गेला माझा, उघड्यावर!

"रंगाऱ्याला आभाळ दाखवायला सून लागली!" खालून बायको ओरडली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कामाला लागलो. मधे गडद निळा, मग पट्ट्यागणिक पांढरा वाढवत, ओल्यातच कडा पुसत भिंतीपर्यंत आलो.

दहाला बाई आल्या, खुर्चीत पडल्या. मी धुतलेला ब्रश पुन्हा धुतला.

बाईंनी पडल्या पडल्याच फोन लावला. "हॅलो, वॉलपेपर नको... हो, कायमचाच नको." फोन पोटावर ठेवला आणि परत वर बघत बसल्या.

दारातून सुजलेला गाल धरून एक गृहस्थ डोकावले. "बाई, दात माझा दुखतोय. आता उठता का?"