गाडीच्या नाकावरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे. खुर्चीनं आपली गोष्ट सांगावी की नाही, याची मला बरेच दिवस शंका होती. खुर्च्या घरोघरी असतात आणि त्या गप्प असतात. पण मी घरातली खुर्ची नव्हते. सतरा वर्षं मी सफारीच्या एका उघड्या गाडीच्या नाकावर, डाव्या दिव्याच्या वर, पक्की बसवलेली होते. गाडी जंगलात शिरायची, तिच्या हातभर आधी मी शिरायची. सिंह, हत्ती, रानकुत्री, जे काही समोर यायचं ते पहिल्यांदा माझ्यासमोर यायचं. एवढ्या एका कारणासाठी तुम्ही माझं थोडं ऐकून घ्यावं असं वाटतं. कंटाळा आला तर मध्येच उठलात तरी मी वाईट वाटून घेणार नाही.

मुळात मी एका ट्रॅक्टरची बैठक. पसरट, भोकाभोकांची, मक्याच्या शेतात उन्हानं तापणारी. ट्रॅक्टर गंजून संपला आणि मी उरले. हासानी नावाच्या वेल्डरनं मला उचललं, खाली दोन दांडे जोडले, पाय टेकायला एक पट्टी लावली, पाठीला कॅनव्हासचा पट्टा ताणला आणि मला पाहुण्यांना जंगल दाखवणाऱ्या एका छावणीच्या गाडीवर बसवून दिलं.

"तुटायची नाही ही," तो म्हणाला. "हत्ती बसला तरच तुटेल."

"हत्तीला विचारलंस का?" असं म्हणत एक उंच, सडपातळ माणूस माझ्यावर येऊन बसला. तो मगेझी. जंगलात जनावरांचा माग काढणं हे त्याचं काम. लहानपणी बापाच्या हरवलेल्या गाई शोधता शोधता तो मातीवरची पावलं वाचायला शिकला होता. गाडी चालवायची न्येलेती. ती त्याच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, म्हणून ती त्याला मलुमे म्हणे, म्हणजे मामा. पाहुण्यांना जनावरांची माहिती सांगायची तीच, आणि मामाला टोमणे मारायची तीही तीच.

आम्ही पहिल्यांदा निघालो ते दिवस थंडीचे होते. सूर्य अजून वर आला नव्हता. सोनेरी गवत माझ्या दोन्ही बाजूंनी पळू लागलं, वारा माझ्या भोकाभोकांतून शीळ घालू लागला, आणि मला वाटलं, ट्रॅक्टरच्या जन्मात आपण फार हळू जगलो.

मगेझी माझ्यावर बसून फक्त रस्त्याच्या मातीकडे पाहत असे. मग अचानक त्याचा हात वर व्हायचा. गाडी थांबायची. तो खाली उतरून पावलाभोवती काठीनं गोल काढायचा, म्हणजे कुणी त्यावर पाय देऊ नये. स्वतः तो नेहमी मागाच्या कडेनं चालायचा, मागावरून कधीच नाही. "वाचून व्हायच्या आधी पान फाडायचं नसतं," असं तो पाहुण्यांना सांगे. परत येऊन बसला की त्याच्या बसण्यावरूनच मला कळायचं. माग जुना असेल तर तो सैल बसायचा. ताजा असेल तर त्याच्या मांड्या ताठ व्हायच्या, आणि माझं लोखंडसुद्धा शहारायचं.

आमचा एक नियम होता. सिंह किंवा बिबट्या जवळ आला की मगेझीनं मला सोडून आत न्येलेतीच्या शेजारी जाऊन बसायचं. गाडीत घोळक्यानं बसलेली माणसं जनावराला गाडीचाच भाग वाटतात, पण नाकावर एकटा बसलेला माणूस माणूसच दिसतो. त्यामुळे शेवटच्या क्षणी सिंहासमोर उरायची ती मी एकटी. भीती वाटायची का? वाटायची, खोटं कशाला सांगू. पण त्या भीतीसाठीच मी रोज पहाटेची वाट पाहायची.

अशी पंधरा वर्षं गेली. मगेझीचं नाव आजूबाजूच्या छावण्यांत झालं. पाहुणे त्याचे फोटो काढत. माझा फोटो कुणी मुद्दाम काढला नाही, पण त्याच्या प्रत्येक फोटोत मी थोडी थोडी आहे.

मग त्याचे डोळे बिघडले. हे सगळ्यांत आधी मला कळलं. दूर आकाशातलं गिधाड त्याला अजूनही सगळ्यांच्या आधी दिसायचं. पण पावलाजवळ गुडघे टेकून बसला की तो मान मागं मागं घेऊ लागला. उठायला वेळ लावू लागला. परत येऊन बसायचा, तेव्हा त्याच्या मांड्या ताठही नसायच्या आणि सैलही नसायच्या. त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं.

एकदा ओळीनं दोन फेऱ्या रिकाम्या गेल्या. तिसऱ्या दिवशी पुढच्या रांगेत हेस्टर तान्नी बसली होती. तान्नी म्हणजे मावशी. मोठ्या बाईला तिच्या मुलखात असंच म्हणतात, आणि आपल्याला याच नावानं हाक मारावी असा तिचा हट्ट होता. ती ब्लूमफाँटेन शहरातली निवृत्त शिक्षिका. चौथ्यांदा जंगलात आली होती आणि बिबट्या तिला एकदाही दिसला नव्हता.

कोरड्या नदीच्या पात्रात मगेझीला बिबट्याच्या मादीचा माग सापडला.

"ताजा?" न्येलेतीनं विचारलं.

"आज सकाळचाच."

चार तास आम्ही त्या मागावर होतो. काटेरी झुडपांनी माझा पट्टा ओरबाडला. काहीच दिसलं नाही. शेवटी न्येलेतीनं गाडी पुन्हा पात्रात आणली, स्वतः उतरली आणि त्या गोलाजवळ बसली.

"मलुमे, इकडे या. हे काय आहे?"

"मादीचं पाऊल."

"आणि त्याच्यावर?"

मगेझीनं मान मागं घेतली.

"भुंगेरा गेलाय त्याच्यावरून," ती हळू आवाजात म्हणाली, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "शिवणयंत्राची टीप मारल्यासारखा. हा भुंगेरा रात्री फिरतो. म्हणजे मादी त्याच्या आधी गेली, काल संध्याकाळी. हे तुम्हीच मला शिकवलंय."

"डोळ्यांत धूळ गेली होती."

"चारही तास?" ती म्हणाली. "मलुमे, तुम्हाला दिसलं नाही, की तुम्ही बघितलं नाही? दिसलं नसेल तर मला सांगा. बघितलं नसेल तर मी आईला सांगते."

"तुझ्या आईला यात आणू नकोस," एवढंच तो म्हणाला आणि माझ्यावर येऊन बसला. त्या दिवशी तो फार जड लागला.

दुपारी छावणीचा प्रमुख रुलानी गाडीपाशी आला. तो वाईट माणूस नव्हता. न्येलेतीला बाजूला घेऊन म्हणाला, "मगेझी आमचा मोठा माणूस. पण पाहुणे इथं झाडं बघायला येत नाहीत. उद्या सकाळची फेरी त्याला करू दे. तीही रिकामी आली तर परवापासून त्यानं भांडारात बसावं, ब्लँकेटं झटकावीत. त्या खुर्चीवर मी दुसरा माणूस आणतो."

मित्रांनो, दुसऱ्या माणसाचं वजन कसं असेल, याची मला कल्पनाही करवेना.

मगेझीला हे समजलं, तेव्हा तो गाडी धूत होता. मला त्यानं नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसलं. तेवढ्यात हेस्टर तान्नी चहाचा कप घेऊन आली.

"मगेझी, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"पाहुण्यांचा राग आम्हाला येत नाही, तान्नी. आला तर आम्ही गाडी धुतो."

"धुतोच आहेस की," ती म्हणाली. "हे बघ, मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. आमचे मुख्याध्यापक हजेरी घेताना वही लांब धरायचे, मान अशी मागं. कुणाला सांगायचे नाहीत. शेवटी सगळ्या शाळेसमोर एका मुलीला त्यांनी मुलाच्या नावानं बक्षीस दिलं. आज सकाळी तू त्या पावलासमोर तशीच मान मागं घेतलीस."

मगेझी फडकं पिळत राहिला. मग म्हणाला, "माग काढणाऱ्याच्या नाकावर चष्मा, तान्नी? इंपाला हरणं हसतील."

"हसू देत. जरा दात दिसतील त्यांचे." तिनं पिशवीतून एक चष्मा काढला. लालभडक काड्या, त्याला मण्यांची दोरी. "माझ्याकडे दोन आहेत. हा मला कधीच आवडला नाही. जवळचं मात्र ह्यातून लख्ख दिसतं."

त्यानं तो घेतला आणि घाईघाईनं खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो, तेव्हा चष्मा खिशातच होता. मला त्याच्या खिशातून तो टोचत होता. इतकी वर्षं मी बोलले नव्हते. त्या सकाळी मात्र बोलता यावं असं फार वाटलं. काढ, मगेझी, काढ तो.

पात्र आलं. त्याचा हात वर झाला. गाडी थांबली. तो उतरला, काठीनं गोल काढला, गुडघे टेकले, आणि मान पुन्हा मागं गेली. मागं बसलेल्या सगळ्यांकडे त्यानं एकदा पाहिलं. मग खिशात हात घालून त्यानं तो लाल चष्मा नाकावर चढवला.

"अरे वा," न्येलेती म्हणाली, "मलुमे, कुणाच्या लग्नाला?"

तो वाळूवर इतका वाकला की त्याचं नाक टेकेल असं वाटलं. खूप वेळ तो तसाच राहिला. आणि मग, मित्रांनो, मला त्याचं हसणं ऐकू आलं.

"न्येलेती, ह्या भुंगेऱ्याच्या पायांना काटे आहेत गं. एकेक काटा उमटलाय."

"मलुमे, आपण भुंगेरा शोधायला आलो नाही."

"तेच सांगतोय. टीप खाली आहे, पाऊल वर. ती भुंगेऱ्याच्या नंतर गेलीय, उजाडता उजाडता." तो थोडा सरकला. "आणि ही एकटी नाही. हे बघ, नाण्याएवढं पाऊल."

न्येलेती वाकली. ती थट्टा करायची थांबली.

तो माझ्यावर येऊन बसला, तेव्हा त्याच्या मांड्या धनुष्याच्या दोरीसारख्या ताठ होत्या. गाडी निघाली. उजवीकडे, असा त्याचा हात. हळू, अशी दोन बोटं. एका मोठ्या झाडाच्या फांदीवर माकडं ओरडत होती, सगळी एकाच दिशेला तोंड करून. तित्तिर कर्कश ओरडत उडाले. थंडीतही मी तापले होते. पुढे वाळूत शिकार ओढल्याची रेघ, रक्ताचा एक थेंब, अजून ओला. मगेझीनं हात वर केला, उतरला, आवाज न करता आत जाऊन बसला. न्येलेतीनं इंजिन बंद केलं.

मी एकटी उरले.

काठावरच्या झाडाच्या मुळांत ऊन आणि सावली मिसळली होती. त्यातली काही सावली हलली, आणि ती मादी झाली. तिनं आमच्याकडे पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं, आणि पंजा चाटू लागली. तिच्या मागून बछडा आला. त्याला गाडीचं काहीच वाटलं नाही, त्याला वाटलं ते माझं. तो वाकडा वाकडा चालत सरळ माझ्यापर्यंत आला. पाय टेकायच्या पट्टीवर त्यानं दोन्ही पंजे ठेवले. माझ्या भोकांतून त्याचा श्वास मला लागला, उबदार. मग त्यानं लोंबणारा कॅनव्हासचा पट्टा तोंडात धरला आणि ओढला. मागं कुणीही हललं नाही. मादीनं घशातून एक आवाज काढला, फार लहान. बछड्यानं पट्टा सोडला, एकदा मागं वळून पाहिलं, आणि दोघं काठ चढून गवतात नाहीशी झाली.

हेस्टर तान्नीचा कॅमेरा तिच्या मांडीवर तसाच पडून होता.

"फोटो?" न्येलेतीनं कुजबुजत विचारलं.

"कशाला गं," ती म्हणाली. "बघत होते ना मी."

परतल्यावर रुलानीनं सगळं ऐकलं. लाल चष्म्याकडे पाहून ओठ दाबत म्हणाला, "मग आता भांडारातली ब्लँकेटं कोण झटकणार?"

"तुला वेळ असतो की," मगेझी म्हणाला.

आणखी दोन वर्षं आम्ही दोघं त्या गाडीवर होतो. पुढे गाडी थकली. नवी आली, तिच्यावर कारखान्यातली गादीची, हातांची खुर्ची होती. मला खोलून टायरांच्या ढिगात टाकलं. दोन पावसाळे मी तिथं गंजले. कुणाबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्यानं इतकं पाहिलं त्याला टायरांकडे पाहत बसणं जड जातं. मगेझी निवृत्त झाला, त्या दिवशी येऊन त्यानं मला शोधलं, खांद्यावर घेतलं आणि घरी आणलं. बछड्याच्या दातांचे चार ठसे असलेला पट्टा त्यानं बदलू दिला नाही.

आता मी त्याच्या अंगणात मारुलाच्या झाडाखाली असते. त्याची बायको रोज सकाळी अंगण झाडून माती पाटीसारखी कोरी करते. मग त्यावर कोंबड्या, सरडे, शेजारची बकरी लिहू लागतात, आणि मगेझी माझ्यावर बसून, लाल चष्मा लावून, ते वाचतो.

गेल्या रविवारी न्येलेती आली. तिच्या केसांत पांढरे दिसू लागले आहेत. मक्याची भाकर आणि पालेभाजी खाऊन ती अंगणात आली. मगेझीनं काठीनं एका पावलाभोवती गोल काढला.

"सांग, कधीचं?"

ती वाकली. आणि मी पाहिलं, तिची मान मागं गेली.

"डोळ्यांत धूळ गेलीय, मलुमे," ती म्हणाली.

मगेझी हसला नाही. त्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि मण्यांची दोरी हळूच तिच्या गळ्यात घातली.

मित्रांनो, मला फार शहाणपण सांगता येत नाही. तुम्ही कधी जंगलात आलात तर मागाच्या कडेनं चाला, मागावरून नको. आणि जवळचं दिसेनासं झालं तर जवळच्या माणसाला सांगा. एवढ्यासाठी मी बोलले. माझ्या दांड्यांवर गंज चढतोय. वर्षातून एकदा कुणी तेल लावलं तर बरं होईल. माझ्यावर अजून कुणीतरी बसणार आहे, असं मला त्या रविवारपासून वाटू लागलंय.