माफीचा मजकूर

उल्हासरावांना मुलाचं कौतुक लपवता येत नसे. सौमित्र चौथीत स्कॉलरशिपला बसला तेव्हा निकाल लागायच्या आधीच त्यांनी पेढे वाटले होते. त्यामुळे तो अमेरिकेत ॲन आर्बरला शिकायला गेल्यावर तिथल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात त्याचा लेख छापून आला, तेव्हा, आखातात एसीच्या कंपनीत सव्वीस वर्षं काढलेला हा माणूस गप्प बसणं शक्यच नव्हतं. लेख त्यांनी वाचला नाही. आखातातल्या आपल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, ‘चि. सौमित्रचा लेख अमेरिकेत प्रसिद्ध. सर्वांनी जरूर वाचावा.’ मंडळात असं काही आलं की ते वाचायचं नसतं, फुलं आणि टाळ्या टाकायच्या असतात. सगळ्यांनी भरभरून टाकल्या. कुणीतरी एकाने मात्र वाचला.

लेख नासिरवर होता. उल्हासराव नोकरीला होते त्याच देशातला हा शाळामास्तर. शाळेचं छत कोसळून दोन मुलं जखमी झाली तेव्हा ‘मंत्रिसाहेब कुठे आहेत?’ एवढं एक वाक्य त्याने ऑनलाइन लिहिलं आणि चौदा महिने तुरुंगात सडत होता. त्याची बहीण हुदा लॅबमध्ये सौमित्रच्या शेजारच्या टेबलावर बसायची. तिच्याकडून सगळं ऐकून सौमित्रने लेख लिहिला होता. इथे बसून लिहायला आपलं काय जातंय, असंच तेव्हा त्याला वाटलं होतं.

उल्हासरावांना पोलिसांनी ऑफिसमधून उचलून नेलं त्याला आज पाच दिवस झाले होते. सकाळी आईचा फोन आला तेव्हा सौमित्र लॅबमधून तसाच, कोट न घालता, बर्फात जाऊन उभा राहिला.

“आज पाच मिनिटं भेटू दिलं रे,” शैलजाबाई म्हणाल्या. “बीपीची गोळीसुद्धा देत नाहीयेत. तोंड पार सुकलंय. बाबा मलाच विचारत होते, अगं, लेखात असं होतं तरी काय?”

“आई, मी लेख डिलीट करायला लावतो. आत्ताच्या आत्ता.”

“तेवढ्याने भागत नाही. व्हिडिओ हवाय त्यांना, माफीचा. उद्यापर्यंत. पटला तर विमानात बसवून देऊ म्हणाले. तू काय वाटेल ते बोल बाळा, पण बोल.”

तासभर तो लॅपटॉप उघडून बसला. ‘मला खेद आहे’च्या पुढे गाडी सरकेना. शेवटी त्याने हुदाला सगळं सांगितलं. ती चिडेल, ओरडेल, असं त्याला वाटलं होतं. तिने त्याचं ते एक वाक्य वाचलं आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला.

“एवढ्यावर कुणी सुटत नाही. नासिरसाठी मी तीन माफ्या लिहिल्या. त्याने एकीवरही सही केली नाही. पण त्यांना काय लागतं ते मला पाठ झालंय.” ती भराभर टाइप करू लागली. “खेद नाही, लाज वाटते म्हणायचं. मला फसवण्यात आलं म्हणायचं. कुणी फसवलं त्याचं नाव लागतं. माझं घाल.”

“तुला परत कधी घरी जाता येणार नाही, हुदा.”

“आता तरी कुठे येतंय? आणि हे खाली वाच. नासिर खोटारडा आहे, छत कोसळलंच नव्हतं. हे आल्याशिवाय ते घेणार नाहीत.”

सौमित्रने ते वाचलं. “पुढच्या आठवड्यात त्याच्या खटल्याचा निकाल आहे. कोर्टात हे दाखवतील?”

“दाखवतील.”

तिने एकदा तरी ‘नको’ म्हणावं असं त्याला जिवाच्या आकांताने वाटत होतं. ती म्हणाली नाही. “माझे बाबा नासिरची वाट बघत गेले,” एवढंच म्हणाली. “तुझे अजून आहेत.”

पांढऱ्या भिंतीपुढे तो उभा राहिला. फोन हुदाने धरला. नासिरचं नाव आलं तसा त्याचा आवाज फाटला, तेव्हा तिने रेकॉर्डिंग बंद केलं.

“रडायचं नाही. रडलास तर जबरदस्तीने बोलतोयस असं दिसतं. परत.”

दुसऱ्या वेळी सौमित्रने कॅमेऱ्याकडे सरळ बघितलं आणि खणखणीत आवाजात नासिरला खोटारडा म्हटलं. हुदाचा हात जराही हलला नाही. मग तिने सगळा व्हिडिओ एकदा नीट ऐकला.

“हा घेतील,” ती म्हणाली.