ट्रेवेन राखीव

कॅलन ट्रेवेनला ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा अंडाकृती चेंडू पायावर कसा सोडायचा ते मी शिकवलं, वॉलारूच्या शाळेच्या मैदानावर. तो ॲडलेडच्या क्लबकडून खेळू लागल्यापासून मी शनिवारी गाडी काढतो आणि त्याचा सामना बघायला जातो. यंदा मात्र नुसता जाऊन येतो.

क्लबचे दोन संघ. दुसऱ्या संघाचा सामना आधी, पहिल्याचा नंतर, त्याच मैदानावर. कॅलन वर्षभर पहिल्या संघाचा राखीव. राखीव खेळाडूने बूट बांधायचे, सगळ्यांबरोबर घाम गाळायचा, आणि ऐन वेळी कुणाचा पाय दुखला नाही तर जॅकेट चढवून बाकावर बसायचं. तोवर दुसऱ्या संघाचा सामना आटोपलेला असतो.

यंदा दोन्ही संघ अंतिम सामन्यात पोचले. कॅलन तिशीला टेकलेला, करार संपत आलेला. "वर जागा नाही, पण दुसऱ्या संघाकडून खेळ," असं प्रशिक्षकांनी सांगितल्यावर त्याने मला फोन केला. "सर, या. शेवटचाच आहे."

मी पोचलो तेव्हा तो खेळाडूंच्या खोलीबाहेर उभा होता. समोर क्लबचा चिटणीस हॅगार्टी.

"नियम आहे, बाबा. त्या संघाकडून हंगामात पुरेसे सामने खेळलेला असशील, तरच अंतिम सामना."

"खेळणार कुठून? तुम्हीच मला वर अडकवून ठेवलंत."

"वर ठेवलं म्हणजे मानच दिला की."

"मानाने गोल होत नाहीत, हॅगार्टी."

मी मध्ये पडलो. "हे महिन्याभरापूर्वी कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"सर, इथे तुमचा वर्ग भरलेला नाही," हॅगार्टी म्हणाला, पण माझ्याकडे न बघता. मग कॅलनला म्हणाला, "आज पुन्हा वर राखीव राहा."

कॅलनने बूट बांधले. इतरांपेक्षा जोरात धावला, उंच उड्या मारून चेंडू झेलले. सगळ्यांचे पाय धडधाकट निघाले. प्रशिक्षकांनी नकारार्थी मान हलवली. कॅलनने जॅकेट घातलं.

आमच्याकडे सामन्याच्या चार भागांतला तिसरा भाग संपला की प्रेक्षक मैदानात उतरतात. मोठी माणसं प्रशिक्षकाचं बोलणं ऐकायला, पोरं चेंडू मारायला. कॅलन क्लबचं जॅकेट बाकावर टाकून साध्या टी-शर्टवर पोरांत गेला. मीही मागोमाग गेलो. एका मुलीकडून त्याने चेंडू मागून घेतला आणि पार कडेच्या रेषेवरून मारला. चेंडू वळत वळत बरोबर दोन खांबांच्या मधून गेला.

"तू खेळत का नाहीस?" मुलीने विचारलं.

"हॅगार्टीकाकांना विचार. मला समजलं नाही, तुला समजेल."

तो पुन्हा मारायला वळला तेवढ्यात खेळ पुन्हा सुरू व्हायची घंटा झाली. पोरं कुंपणाकडे पळाली. कॅलन चेंडू हातात धरून तिथेच थांबला. रखवालदार जवळ आला.

"चल दादा, बाहेर हो. खेळाडूंना जागा दे."

चेंडू मुलीच्या दिशेने हळूच टाकून कॅलनने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट हातात घेतले आणि मोज्यांवरच मैदानाबाहेर चालत गेला.