बरं वाटण्याचा दिवस

भावंडांत सगळ्यांत लहान, म्हणून चाळिशी उलटली तरी तिला घरीदारी सगळे धाकटीच म्हणत. रुग्णालयाच्या तळमजल्यावर विषांचा तपास करणारी प्रयोगशाळा होती, तिथे ती काम करायची. खोलीला खिडकी नव्हती. पंपाची घरघर आणि थंड हवेचा झोत, एवढीच काय ती सोबत.

यंत्र दोन भागांचं होतं. पहिल्या भागात बोटाएवढ्या पोलादी नळीतून नमुना दाबाने पुढे ढकलला जाई, आणि त्यातले पदार्थ आपापल्या चालीने, कुणी आधी तर कुणी रेंगाळत, बाहेर पडत. दुसरा भाग त्या एकेकाचं वजन करी, त्याचे तुकडे पाडी आणि तुकड्यांचंही वजन करी. हवा तो पदार्थ सापडला की पडद्यावरच्या सपाट रेघेतून एक सुळका वर येई. त्या टोकाला सगळे इंग्रजीत ‘पीक’ म्हणायचे. तिचे साहेब निवृत्तीला आले होते, पण सकाळी दारातूनच विचारायचे, “काय, यंदा पीकपाणी कसं आहे?” विनोद जुना झाला होता, तरी धाकटी हसायची.

त्या सोमवारी साहेब यायच्या आधीच वॉर्डातून लघवीचा एक नमुना आला. नाव नव्हतं, नुसता क्रमांक. डॉक्टरीणबाईंनी सोबत निरोप पाठवला होता: म्हातारे गृहस्थ, उलट्या-जुलाबांनी बेजार, रानातली अळंबी खाल्ल्याचा संशय.

धाकटीने नमुना गाळला, पातळ केला, इवल्याशा काचेच्या बाटलीत भरून यंत्रात ठेवला. आधी नुसतं पाणी चालवलं. रेघ सपाट. म्हणजे यंत्रात आधीचं काही चिकटून राहिलेलं नाही. मग कपाटात जपून ठेवलेलं अमॅनिटिन चालवलं. हे विषारी अळंबीतलं विष. त्याचं पीक आलं, कुठे येतं ते पाहून घेतलं. आणि मग वॉर्डातला नमुना.

पीक नेमकं त्याच जागी आलं. वजन जुळलं, तुकडे जुळले. मागे येऊन उभे राहिलेले साहेब पडद्याकडे बघत राहिले आणि नेहमीचा विनोद न करता म्हणाले, “फोन कर.”

“तेच आहे,” धाकटीने डॉक्टरीणबाईंना सांगितलं. “शंकाच नको.”

“वाटलंच होतं मला. यकृताचे आकडे फार वाईट आहेत. बरं, आणखी एक. आजोबा अर्धवट शुद्धीत काहीतरी बडबडतायत. शेजारच्या आजींनाही वाटीभर दिली म्हणे. त्या आजींना शोधायला हवं.”

“राहतात कुठे हे?”

“टेकडीवर, पोस्टाच्या मागची चढण. शाळेत मास्तर होते म्हणे.”

पोस्टाच्या मागच्या चढणीवर मास्तर एकच होते. त्यांच्या शेजारी तिची आई राहत होती. एकटी. आणि शनिवारची रात्र धाकटीची लेक, चिऊ, आजीकडेच राहिली होती.

तिने आईला फोन लावला. पहिल्यांदा चुकीचाच नंबर लागला.

“अगं, आज कामाच्या वेळेला कसा काय फोन?” आईचा आवाज खणखणीत होता.

“आई, तुला बरं आहे ना?”

“मला काय धाड भरलीय? काल तुम्ही दोघी गेल्यावर जरा पोट बिघडलं होतं. चांगल्या चार-पाच उलट्या झाल्या. पण आज बघ, अगदी ठणठणीत. आता चहा प्यायले, कपडे वाळत घालत होते.”

“मला कळवलं का नाहीस?”

“तुला कळवून काय, तू नोकरी सोडून धावत आली असतीस. बाधलं असेल काहीतरी.”

“शनिवारी रात्री काय खाल्लंत?”

“काय म्हणजे, नेहमीचंच. आणि मास्तरांनी अळंबी दिली होती, पांढरीशुभ्र, नुकतीच काढलेली. भाजी केली. का गं?”

“चिऊने खाल्ली?”

“खाल्ली की! पहिल्यांदाच कुरकुर न करता ताट साफ केलं पोरीने.”

या विषाचा कावा तिला पाठ होता. पहिला दिवस उलट्यांचा. मग सगळं थांबतं, भूक लागते, माणूस उठून कामाला लागतं. घरचे म्हणतात, गेलं एकदाचं दुखणं. आणि त्याच दिवशी विष आत गुपचूप यकृत पोखरत असतं. आईला आज बरं वाटत होतं, आणि धाकटीच्या जिवाचं पाणी पाणी होत होतं ते त्यामुळेच.

“आई, कपडे राहू दे. पायात चपला घाल आणि दारात येऊन बस. रुग्णवाहिका पाठवतेय.”

“वेडी आहेस का तू? धडधाकट बाई रुग्णवाहिकेत बसलेली बघून चढणीवरचे लोक काय म्हणतील?”

“आई!” धाकटी ओरडली. आयुष्यात ती आईवर अशी कधी ओरडली नव्हती. मग आई हळूच म्हणाली, “बरं. बसते.”

साहेब ऐकत होते. “आईकडचं मी बघतो,” ते म्हणाले. “तू पोरीला आण.”

धाकटीचा नवरा बोटीवर कामाला, महिनोन्महिने समुद्रात. धावाधाव सगळी तिचीच. टॅक्सीत तिने ड्रायव्हरला एवढ्या वेळा ‘जरा लवकर’ म्हटलं की तो बापडा शेवटी म्हणाला, “बाई, पंख नाहीत हो मला.” शाळेच्या मैदानावर चिऊ दोरीवरच्या उड्या मारत होती. गाल लालबुंद, वेण्या सुटलेल्या. इतकी निरोगी दिसत होती की धाकटीच्या अंगावर काटा आला. आईही मघाशी अशीच कपडे वाळत घालत होती. काल चिऊला उलटी झाली नव्हती, पण त्यावर विसंबता येत नव्हतं; कुणाला लक्षणं उशिराही दिसतात.

दुपारपर्यंत दोघींना शेजारशेजारच्या खाटांवर सलाईन लागलं होतं. आईच्या रक्तात यकृताचे आकडे चढले होते. चिऊचे ठीक होते, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आत्ता ठीक आहेत. आकडे उशिरानेही चढतात. परत रक्त घ्यावं लागेल.”

दोघींच्या लघवीचे नमुने खाली गेले. स्वतःच्या माणसाचा नमुना स्वतः चालवायचा नाही, असा प्रयोगशाळेचा नियम होता. साहेबांनी नमुने हातात घेतले आणि ते यंत्रासमोर बसले. धाकटी त्यांच्या मागे, त्यांच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी राहिली.

आधी आई. रेघ सरळ सरकत होती. धाकटीला ती जागा डोळे मिटूनही दाखवता आली असती. रेघ त्या जागेशी आली आणि उचलली गेली. सुरेख, गुळगुळीत, टोकदार पीक. एरवी असं पीक आलं की ती खूश व्हायची.

साहेबांनी मागे वळून पाहिलं नाही. दुसरी बाटली लावली.

चिऊची रेघ सरकू लागली. ती जागा आली. जागा मागे पडली. रेघ सपाटच होती.

“नाहीये,” तिच्या तोंडून निघालं. “साहेब, नाहीये!”

“रेघ सपाट आहे,” साहेब म्हणाले. “मला एवढंच म्हणता येईल. पोरीने दोन घास खाल्ले असतील तर आता ते विष आपल्याला दिसण्यापलीकडे गेलं असेल. तुला हे मी सांगायला नको, पण आत्ता तुला ते ऐकायचं नाहीये, म्हणून सांगतो.”

तिला ते खरंच ऐकायचं नव्हतं. ती जिना चढून वॉर्डात गेली. इतकी वर्षं ती लोकांना विष आहे की नाही ते सांगत आली होती, आणि आज यंत्राचं ‘नाही’ तिच्या काही उपयोगाचं नव्हतं.

आईला झोप लागली होती. चिऊ जागी होती, छताकडे बघत.

“चिऊ, नीट आठवून सांग. शनिवारी ती भाजी किती खाल्लीस? थोडी, की सगळी?”

चिऊने भिंतीकडे तोंड फिरवलं.

“सांग ना बाळा.”

“तू रागावशील.”

“नाही रागावणार. शपथ.”

“खाल्लीच नाही मी,” चिऊ उशीत पुटपुटली. “तिचा कसातरी वास येत होता. आजी पाणी आणायला उठली तेव्हा मी माझी सगळी तिच्या ताटात टाकली. मग आजीला वाटलं मी ताट साफ केलं.”

धाकटीने तिला छातीशी धरलं आणि सलाईनच्या नळीचंही भान न ठेवता ढसाढसा रडली. अंगातली भीती एकदम उतरली, आणि लगेच दुसऱ्या बाजूने परत भरली. चिऊचा वाटाही आईच्या पोटात गेला होता. आणि तरी आपल्याला आनंद झाला, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा आईच्या खाटेकडे बघायची तिची हिंमत होईना.

“आई,” चिऊने विचारलं, “आजीला जास्त झालंय ते माझ्यामुळे?”

“नाही गं राणी. विष अळंबीत होतं. ते ना तुला ठाऊक, ना आजीला, ना मास्तरांना.” चिऊ तिच्याकडे एकटक बघत राहिली.

मंगळवारी आईचे डोळे पिवळे झाले. ती धाकटीला तिच्या मावशीच्या नावाने हाक मारू लागली आणि नळ बंद केलास का म्हणून पुन्हा पुन्हा विचारू लागली. यकृत बदलायची वेळ येईल का, हे डॉक्टरीणबाईंना सांगता येत नव्हतं. “वाट बघू,” त्या म्हणत. दर वेळी रक्त नेलं की ती दारात उभी राही, आणि आकडा कानावर पडेपर्यंत हातातला चहा गार होऊन जाई.

आकडे चढत गेले, मग एके दिवशी जागच्या जागी थांबले. साहेब मुद्दाम वर आले, कागद खालून-वरून बघितला, म्हणाले, “थांबलेत. थांबणं चांगलं असतं.” दुसऱ्या दिवशी आकडे जरासे उतरले. आणि त्यानंतरच्या सकाळी आईने डोळे उघडले आणि धाकटीला तिच्याच नावाने हाक मारून म्हटलं, “केस विंचर गं जरा. भुतासारखी दिसतेयस.”

पुढे चार घोट पेज पोटात गेल्यावर आईने चिऊ का येत नाही म्हणून विचारलं. ती दाराबाहेर बसून राहते, आत यायला धजत नाही, हे धाकटीला सांगावं लागलं. का, तेही सांगावं लागलं.

“एवढंच ना?” आई म्हणाली. “मला तेव्हाच कळलं होतं. ताट एकदम भरलेलं दिसलं, मी काय आंधळी आहे? म्हटलं, नको असेल पोरीला, आपल्याला आवडते तर आपण खाऊ. बोलाव तिला आत.”

चिऊ आली. खाटेच्या कडेला अंग चोरून बसली, आणि थोड्या वेळाने तशीच आजीच्या पायाशी झोपून गेली.

मास्तरांबद्दल आईने विचारलं ते घरी जायच्या आदल्या दिवशी. सगळे तो विषय टाळतायत, हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. “मास्तर कुठल्या वॉर्डात आहेत? जाताना भेटून जाऊ.”

धाकटी पिशवीत कपडे भरत होती. तिने पिशवी खाली ठेवली. मास्तर बुधवारीच गेले होते, याच मजल्यावर, जिन्यापलीकडच्या खोलीत. त्यांच्या नमुन्यातलं पीक तिनेच पहिल्यांदा पाहिलं होतं.

“आई,” ती म्हणाली, “मास्तर राहिले नाहीत.”

आईने पिशवी जवळ ओढली. मग म्हणाली, “स्वतः धुऊन, निवडून आणून दिली होती गं त्यांनी. मातीचा कणसुद्धा नव्हता.”